कमिशनरचा संप

मर्व्हिन डोब्रात्झने छत्तीस वर्षं पोर्ट ऑर्डवे शहराला पाणी पाजलं. पाजलं म्हणजे अक्षरशः पाजलं, हरवलं वगैरे नाही. सरोवरातलं पाणी उपसायचं, टेकडीवरच्या टाकीत चढवायचं आणि तिथून चाळीस हजार माणसांच्या नळाला सोडायचं, हे काम करणारे पाच पंप त्याच्या हाताखाली होते. एकेक पंप गोठ्याएवढा. नुसत्या आवाजावरून तो त्यांची तब्येत सांगायचा. निवृत्तीच्या दिवशी पाणी खात्याने त्याला एक पितळी पाटी दिली. तिच्यावर कोरलं होतं, 'पंपांचा माणूस'.

हा पंपांचा माणूस एका माशासाठी एक पंप निवडायला बसला आणि सात आठवडे बसूनच राहिला. आमच्या गल्लीत यावर कुणी हसलं नाही. आमच्या विस्कॉन्सिनात माणसाच्या तोंडावर हसत नाहीत, हसू घरी नेऊन हसतात. पण सगळ्यांना माहीत होतं, आणि सगळ्यांना माहीत आहे हे मर्व्हिनला माहीत होतं. खरं दुःख ते होतं.

मासा घरी कसा आला ते आधी सांगतो. पाणी खात्याच्या तक्रार खिडकीशेजारी अठरा वर्षं खाऱ्या पाण्याची एक काचेची टाकी होती. तिच्यात पिवळाजर्द, पंजाएवढा एक मासा. लोक खिडकीशी येऊन आपली गाऱ्हाणी सांगत आणि हा काचेला तोंड लावून गंभीरपणे ऐकून घेई. कारवाई काहीच करत नसे. म्हणून त्याचं नाव पडलं कमिशनर. त्याला खाऊ घालणं, पाणी बदलणं, सगळं मर्व्हिन एकटा करायचा. मर्व्हिन निवृत्त झाला आणि आठवड्याच्या आत नव्या संचालकांनी टाकी काढून तिथे मोठा टीव्ही लावला. 'माशाचं काय करायचं?' असा फोन आला तेव्हा मर्व्हिनने फोन खाली ठेवला. बादली उचलून निघाला.

तेव्हापासून कमिशनर डोब्रात्झांच्या तळघरात, गुरांना पाणी ठेवतात तसल्या प्लास्टिकच्या हौदात, कपडे धुवायच्या यंत्राशेजारी राहत होता. आणि जेवत नव्हता. मर्व्हिन सकाळ-संध्याकाळ समुद्री शेवाळाचं पान चिमट्याला लावून पाण्यात सोडायचा आणि ते तसंच्या तसं परत यायचं. जगण्यापुरतं काहीबाही टिपत असावा, पण पोट आत गेलं होतं. हौदासमोर स्टूल टाकून मर्व्हिन त्याला विचारायचा, "का रे बाबा जेवत नाहीस? काय झालं तुला?" बोलताना त्याचा आवाज अगदी मऊ व्हायचा. त्या आवाजात तो ना कधी पंपांशी बोलला होता, ना माणसांशी.

आमच्या गावात समुद्री माशांचं दुकान म्हणजे ड्वेनचं दुकान. पुढच्या खोलीत गळाला लावायची गांडुळं, मागच्या खोलीत प्रवाळ. ड्वेन दिवसाला दहा-बारा वाक्यं बोलतो, त्यातली दोन त्याने मर्व्हिनवर खर्च केली. "तळघरात मासा झुरतो, मर्व. उजेडात ने, नाहीतर महिनाअखेर काही तो बघत नाही."

उजेडात न्यायचं म्हणजे वरच्या दिवाणखान्यात. आता इथे आर्डिथ आली. आर्डिथ म्हणजे मर्व्हिनची चौतीस वर्षांची बायको, म्हणजे लग्न चौतीस वर्षांचं. या बाईने आयुष्यात कधी तक्रार केली नाही. तशी आमच्या मुलखात कुणीच करत नाही. जेवण करपलं, जावयाने मानेवर साप गोंदवून घेतला, कुणी छताला जांभळा रंग दिला, तर आमची माणसं एवढंच म्हणतात, "वेगळं आहे." त्यातही वजनं आहेत. 'वेगळं आहे' म्हणजे वैताग. 'वेगळंच आहे' म्हणजे अनर्थ. आर्डिथने हा 'च' चौतीस वर्षांत दोनदाच वापरला होता, आणि दोन्ही वेळा पाहुणे परत आले नव्हते.

दिवाणखान्याच्या ज्या भिंतीला टाकी शोभली असती तिथे आर्डिथच्या आईचं चिनीमातीच्या भांड्यांचं कपाट होतं. मर्व्हिनने विचारलं, "हलवू का?"

आर्डिथ म्हणाली, "चालेल."

कपाट बोळकांडीत गेलं. तेव्हापासून न्हाणीघराकडे जायचं तर पोट आत घेऊन आडवं व्हावं लागे. तिने एकच सांगितलं, की दिवाणखान्यात यंत्राची घरघर नको. म्हणून ठरलं की मोठी टाकी वर आणि पाणी गाळायची टाकी खाली तळघरात. वरचं पाणी आपोआप खाली उतरणार, गाळलं जाणार आणि तिथून पंपाने परत वर चढणार. समुद्री माशांचे शौकीन त्या खालच्या टाकीला 'संप' म्हणतात. आपल्याकडचा संप निराळा, पण कमिशनरने तोही पुकारला होताच.

राहिला होता फक्त पंप.

मर्व्हिन कामाला लागला तो खात्याच्या रिवाजाने. तळघराच्या जमिनीपासून टाकीच्या काठापर्यंत उंची मोजली. अकरा फूट चार इंच. नळाला सहा कोपरे. प्रत्येक कोपऱ्यात पाणी किती दमतं, नळाच्या अंगाला किती घासतं, सगळं चौकटीच्या कागदावर मांडलं. इथवर हिशेबात कुणाच्या बापाला चूक काढता आली नसती. पण पुढे सवय नडली. शहरासाठी पंप घेताना हिशेबावर दोन गोष्टी वाढवून धरतात. आणीबाणीसाठी दुप्पट, आणि वीस वर्षांत लोकसंख्या वाढेल म्हणून आणखी वीस टक्के. मर्व्हिनने दोन्ही धरल्या. कमिशनर एकोणीस वर्षांचा ब्रह्मचारी होता. तरीही धरल्या. नियम तो नियम.

ड्वेनने पंपाच्या खोक्याकडे पाहिलं. "मोठा होतोय, मर्व."

"ड्वेन, मी शहराला पाणी पाजलंय."

"पाजलंस की. पण शहराला काच नव्हती."

शनिवारी सकाळी चाचणी झाली. सुदैवाने मासा अजून खालीच होता. मर्व्हिनने तळघरात बटण दाबलं, आणि वरून प्रथम 'फट्' असा आणि मग धबधब्यासारखा आवाज आला. नळाचं तोंड निखळून पडलं होतं. पाण्याचा फवारा छताला लागून पडद्यावर, पडद्यावरून गालिच्यावर आणि शेवटी आर्डिथच्या आईच्या तसबिरीवर येत होता. टाकीतली सगळी वाळू एका कोपऱ्यात जाऊन बसली होती. तसबिरीतली सासू मात्र जराही दचकली नव्हती. हा माणूस एक दिवस हे करणार, हे तिला लग्नातच कळलं होतं.

आर्डिथने तसबीर उतरवून पदराने पुसावी तशी ॲप्रनने पुसली आणि म्हणाली, "वेगळं आहे."

मर्व्हिन त्या दिवशी जेवला नाही. म्हणजे तळघरात आता दोघं जेवत नव्हते.

दुसऱ्या पंपाच्या वेळी शेजारच्या लायल हाउगेनने उडी घेतली. लायल हा आमच्या गल्लीतला सर्वांत परोपकारी माणूस. बर्फ पडलं की स्वतःच्या दाराआधी तो तुमचं दार मोकळं करतो, आणि मग वर्षभर तुमच्या घराची एक किल्ली त्याच्याकडे राहते. आमच्याकडे सल्ला द्यायला आलेला माणूस आत बसत नाही. दाराच्या कडीला हात ठेवून "बरं, निघतो मी" म्हणत पाऊण तास उभा राहतो.

"बरं, निघतो मी," लायल म्हणाला. "पण मर्व, तो नळ भट्टीच्या मागून घे बघ. समोरून बरा दिसत नाही."

"मागून घेतला तर तीन कोपरे वाढतात, लायल."

"तीनच ना! माणसाच्या आयुष्यात किती कोपरे येतात. बरं, निघतो."

पाऊण तासात माणूस दमतो. मर्व्हिनने नळ घर तापवायच्या भट्टीमागून घेतला. आणि आर्डिथच्या 'वेगळं आहे'ची धास्ती एवढी बसली होती की या खेपेला त्याने हिशेब गुंडाळून ठेवला आणि दुकानातला सर्वांत मुका पंप आणला. खोक्यावर मोठा आकडा छापला होता. पण असले आकडे सपाट जमिनीवरचे असतात, स्थळाच्या फोटोसारखे. जिना चढायला लागलं की खरं कळतं. हे मर्व्हिनला झोपेतही ठाऊक होतं, पण मन खचलं की शिकलेलं सगळं विसरतं.

पंप सुरू झाला. आवाज शून्य. पाणी नऊ कोपरे वळून वर चढलं, साडेदहा फुटांवर पोचलं आणि तिथेच थांबलं. आपण जिना कशासाठी चढलो हे आठवेनासं झालेल्या म्हाताऱ्यासारखं ते तिथे उभं राहिलं. पारदर्शक नळात ते दिसत होतं. मर्व्हिन गुडघे टेकून त्याच्याकडे पाहत होता. दहा इंच! शहराला पाणी पाजणारा माणूस दहा इंचांनी कमी पडला.

"छान शांत आहे हो," आर्डिथ म्हणाली. बिचारीला खरंच काहीतरी चांगलं बोलायचं होतं.

तिकडे कमिशनरच्या पाठीचा काटा दिसायला लागला होता. मर्व्हिनने कागद पुन्हा उघडला आणि या वेळी हिशेबात ना भीती धरली ना लोकसंख्या. उत्तर आलं ते मधल्या पंपाचं. पण त्याला जाड नळ लागत होता. जाड नळाला दिवाणखान्याच्या जमिनीत मोठं भोक हवं होतं, आणि एवढ्या मोठ्या भोकातून पंपाचा नळ न्यायचा तर नगरपालिकेचा परवाना लागतो.

"कोण विचारतंय?" लायल म्हणाला. "सगळे पाडतात भोकं."

"मी विचारत होतो," मर्व्हिन म्हणाला. "छत्तीस वर्षं."

सोमवारी तो अंगात कोट घालून आपल्या जुन्या कचेरीत गेला. जिथे टाकी होती तिथे तो टीव्ही होता आणि टीव्हीवर मासे पोहत होते. चित्रातले. निळे, नारिंगी, गुबगुबीत. मर्व्हिनने त्यांच्याकडे पाठ केली.

खिडकीत शेल्बी नावाची नवी मुलगी होती. अतिशय गोड बोलणारी. "नाव सांगता, सर?"

"डोब्रात्झ."

"स्पेलिंग?"

मर्व्हिनने स्पेलिंग सांगितलं. ज्या दारावर ते नाव एकवीस वर्षं होतं ते दार शेल्बीच्या बरोबर पाठीमागे होतं. आता त्यावर 'भांडार' लिहिलेलं होतं.

शेल्बीने अर्ज वाचला. मग पुन्हा वाचला. "सर, इथे तुम्ही लिहिलंय की संपमधलं पाणी पंपाने दिवाणखान्यात सोडायचं आहे."

"बरोबर."

"चुकून नाही ना लिहिलं?"

"मुद्दाम लिहिलंय."

आता हे समजून घ्या. आमच्या गावात प्रत्येक तळघराच्या कोपऱ्यात एक खड्डा असतो. जमिनीतलं पाणी त्यात झिरपतं आणि पंप ते उपसून अंगणात फेकतो, नाहीतर तळघराचं तळं होईल. त्या खड्ड्यालाही 'संप'च म्हणतात, आणि मासेवाले वीस-पंचवीस लोक सोडले तर उरलेल्या गावाला हा एकच संप ठाऊक आहे. शेल्बीच्या दृष्टीने हा कोटवाला गृहस्थ खड्ड्यातलं गढूळ पाणी उपसून सोफ्यावर सोडायची परवानगी मागत होता.

"सर, नियम नऊ बघा," ती हळुवारपणे म्हणाली. "'संपमधलं पाणी घराच्या भिंतीपासून किमान दहा फूट बाहेर सोडलं पाहिजे. कोणत्याही परिस्थितीत, कोणत्याही कारणाने, ते घराच्या राहत्या भागात सोडता कामा नये.' अगदी दोन-दोनदा लिहिलंय हो. कुणी इतकं कडक लिहिलं असेल!" तिने पान उलटलं. "हं. एम. डोब्रात्झ. तुमचे कुणी नातेवाईक का?"

मर्व्हिनला तो दिवस आठवला. 'कोणत्याही कारणाने' हे शब्द त्याने स्वतः घातले होते. वकील नको म्हणत असताना. आणि नुसता नियम करून तो थांबला नव्हता, गावातल्या प्रत्येक घरी एक पिवळं कार्ड वाटलं होतं: 'संपचं पाणी घरात नाही, अंगणात!'

"लांबचा," तो म्हणाला.

शेल्बी मनाने खरंच चांगली होती. तिने नियमांची वही चाळली आणि आनंदाने म्हणाली, "सर, 'शोभेचं कारंजं' असं लिहिता का? कारंज्याला घरात परवानगी आहे."

पंपांच्या माणसाने कारंज्याच्या अर्जावर सही केली. बाहेर येऊन मोटारीत दहा मिनिटं बसून राहिला. त्या दहा मिनिटांत त्याने काय विचार केला ते मला माहीत नाही, पण घरी आल्यावर त्याने ती पितळी पाटी भिंतीवरून काढून कपाटात ठेवली.

शुक्रवारी सकाळी तिसरा पंप बसला. आणि काय सांगू, बसला तो असा की पाणी गपगुमान वर आलं, काठाशी हलकेच वळलं, टाकीत पसरलं आणि खाली उतरायला लागलं. ना घरघर, ना फवारा. आर्डिथ हात पुसत दारात येऊन उभी राहिली आणि "वा" म्हणाली. मर्व्हिनने कमिशनरला दोन्ही हातांनी भांड्यातून वर आणलं आणि उजेडात सोडलं.

कमिशनर सरळ मागच्या कोपऱ्यात गेला आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. शेवाळाचं पान चिमट्यात तसंच होतं. दहा वाजले, बारा वाजले, चार वाजले. मर्व्हिन खुर्ची टाकून समोर बसला होता. पंप झाला, नळ झाला, परवाना झाला, आता दुसरं काही करण्यासारखंच उरलं नव्हतं. इतके दिवस त्याला निदान पंपाला दोष देता येत होता.

"मर्व, चल," पाच वाजता आर्डिथ म्हणाली. "चर्चच्या हॉलमध्ये मासे संपतील."

आमच्याकडे शुक्रवारी संध्याकाळी तळलेला मासा खातात. त्याला कुणी अपवाद नाही, घरी मासा आजारी असला तरी नाही. मर्व्हिन गेला, बसला आणि खाल्लाही. ताटातला मासा कॉड होता आणि कॉडशी त्याची ओळख नव्हती.

ते जेवत असताना वादळ आलं. अर्धा तास असा पाऊस कोसळला की रस्त्यांचे ओढे झाले. अशा वेळी आमच्या गावातला कुठलाही भला शेजारी काय करतो? शेजाऱ्याच्या तळघरात पाणी शिरलं का ते बघतो. लायलकडे किल्ली होती. तो हातात विजेरी घेऊन खाली उतरला. संप काठोकाठ भरला होता आणि पंप ते सगळं पाणी वर दिवाणखान्यात फेकत होता! म्हातारपणी मर्व्हिनच्या हातून नळ उलटा जोडला गेला. बिचारा! भट्टीमागच्या त्या नळाबद्दल लायलने पाऊण तास सल्ला दिला होता, पण त्यातून पाणी वर जायचं की खाली यायचं हे विचारलं नव्हतं; त्याला संप एकच ठाऊक. त्याच्या तळघरात ते पिवळं कार्ड सव्वीस वर्षं भिंतीला चिकटवलेलं होतं. त्याने क्षणभरही वेळ घालवला नाही. नळ सोडवला, मोटार धुवायची रबरी नळी जोडली आणि तिचं तोंड खिडकीतून बाहेर काढलं.

डोब्रात्झ पतीपत्नी परत आली तेव्हा पाऊस थांबून स्वच्छ ऊन पडलं होतं. लायल दारात उभा होता आणि त्याच्या चेहऱ्यावर समाधान मावत नव्हतं. खालून पंपाचा कोरडा, कर्कश आक्रोश ऐकू येत होता.

"वाचवलं तुला, मर्व," लायल म्हणाला. "सगळा संप उपसला. थेंब राहू दिला नाही."

साठ गॅलन खारं पाणी खिडकीखालच्या रूबार्बच्या वाफ्यात गेलं होतं. आर्डिथच्या वाफ्यात. लाल देठांची, आंबट, दर मे महिन्यात जिच्या वड्या अख्ख्या गल्लीला पोचतात ती ही भाजी. लग्नाच्या वर्षी लावलेली. पानं आत्ताच मान टाकायला लागली होती.

मर्व्हिनने खाली जाऊन पंप बंद केला, वर आला आणि आमच्या मुलखातल्या माणसाने जे म्हणायचं तेच म्हणाला. "आभारी आहे, लायल."

"अरे, त्यात काय! बरं, निघतो मी," लायल म्हणाला आणि पाऊण तासाने निघाला.

दार लागलं. वरच्या टाकीतलं पाणी तेवढं जागच्या जागी होतं, पण वाहत नव्हतं. कमिशनर अजून कोपऱ्यात होता. दोन-तीन तास तो असा तग धरेल, तोवर खालची टाकी भरून पंप जोडायला हवा, असा हिशेब करत मर्व्हिन जिन्याकडे वळला. तेवढ्यात अंगणातून आर्डिथ आत आली. बुटांना चिखल, हातात रूबार्बचं एक मऊ पडलेलं देठ. मर्व्हिन उभा राहिला. आता 'च' येणार, हे त्याला कळलं होतं. त्याने मनाची तयारी केली.

"वाईट आहे," आर्डिथ म्हणाली.

त्याला वाटलं ऐकण्यात चूक झाली. "काय म्हणालीस?"

"वाईट आहे, मर्व! वाईट! वेगळं नाही, वाईट!" तिचा आवाज चढला. चढलेला तिचा आवाज मर्व्हिनने कधी ऐकलाच नव्हता, त्यामुळे हे कुणाचं ओरडणं म्हणून त्याने एकदा मागे पाहिलं. "आणि ते कपाटसुद्धा! हलवू का विचारलंस, मी चालेल म्हणाले. मला नव्हतं चाललं! माझ्या आईचं कपाट बोळात उभं आहे आणि मी त्याच्यासमोरून खेकड्यासारखी आडवी चालते!"

"मग तेव्हा बोलायचं नाही का?"

"तुला ऐकायचं होतं का? तुझ्या तोंडात कोपरे न् इंच! तू निवृत्त होणार म्हणून मी चर्चमध्ये सगळ्यांना सांगत सुटले होते, आता आमचा माणूस घरी येणार. आणि आला कोण? मासा!"

"आर्डिथ, तो आजारी आहे गं. सात आठवडे त्याने..."

"माहीत आहे! सात आठवडे त्याने पान खाल्लं नाही. किती मायेने विचारतोस त्याला! 'का रे बाबा जेवत नाहीस, काय झालं तुला?' मी जिन्यात उभी राहून ऐकते, मर्व. धुवायचे कपडे हातात घेऊन." तिने हातातलं देठ मुठीत चुरगळलं. "आज हॉलमध्ये माझं ताट कसं परत गेलं, पाहिलंस?"

मर्व्हिनने आठवून पाहिलं. स्वतःचं ताट आठवलं. कोबीची कोशिंबीर आठवली. शेजारच्या टेबलावर कुणी मीठ सांडलं तेही आठवलं. तिचं ताट काही केल्या दिसेना.

"सगळंच्या सगळं गेलं. गेल्या शुक्रवारीही गेलं. घरात तर मी उभ्या उभ्याच काहीतरी तोंडात टाकते, कारण समोर बसायला कुणी नसतं. तू घरी आहेस आणि घरात कुणी नाही."

ती सोफ्यावर बसली. चिखलाच्या बुटांसकट बसली, यावरून काय ते समजा. मर्व्हिनने जिन्याकडे पाहिलं. खाली पंप कोरडा होता, वर पाणी थांबलं होतं आणि घड्याळ पुढे चाललं होतं. त्याला कमिशनरचं आत गेलेलं पोट आठवलं. मग त्याने टाकीसमोरची ती खुर्ची उचलली, टाकीकडे पाठ करून आर्डिथच्या समोर ठेवली आणि तिच्यावर बसला.

"का गं जेवत नाहीस?" त्याने विचारलं. "काय झालं?"

"आता विचारतोस!" आर्डिथ म्हणाली आणि ढसाढसा रडली. रडून झाल्यावर तिने नाक पुसलं आणि सांगायला सुरुवात केली. पहिल्यापासून. लग्नातला बँडवाला तिला नको होता, तिथपासून. तिच्या बोलण्याला धार होती, ओघ होता, तारीखवार तपशील होता. मर्व्हिन मध्ये एकदाही बोलला नाही. गुडघ्यांवर हात ठेवून, थोडा पुढे झुकून, तो ऐकत होता.

ती दुसऱ्या बाळंतपणापर्यंत आली होती. तेव्हा त्याच्या खांद्यावरून तिला दिसलं. कमिशनर कोपऱ्यातून बाहेर आला होता. आवाजामुळे आला, उजेडामुळे आला की भुकेने, ते त्यालाच ठाऊक. काचेपाशी येऊन त्याने एकदा इकडे पाहिलं. मग वळला, चिमट्यातल्या पानाला तोंड लावलं, एक तुकडा तोडला. आणि दुसरा. आणि मग अधाशासारखा खातच सुटला.

आर्डिथ बोलता बोलता थांबली. सात आठवडे तिचा नवरा ज्याच्यासाठी झुरला ते त्याच्या पाठीमागे दोन हातांवर चाललं होतं. नुसतं बोट दाखवायचा अवकाश होता.

"काय गं?" मर्व्हिन म्हणाला. "थांबलीस का?"

"काही नाही," आर्डिथ म्हणाली. "तू इकडे बघ." आणि ती पुढे सांगू लागली.